शेपूट तुटलेले वाक्य

माहेरचा फोन सकाळी सातच्या आत वाजला की छातीत धस्स होते. २०२५ च्या उन्हाळ्यात असाच एक फोन आला. पलीकडे काकू होती.

"अगं, तुझे काका तीन दिवस झाले ओट्यावर बसत नाहीत. जेवतात, झोपतात, पण बोलत नाहीत. तू एकदा येऊन जा."

"आजारी आहेत का?"

"आजारी असते तर डॉक्टरला बोलावलं असतं, तुला कशाला? टीव्हीवर आले ना ते!"

टीव्हीवर आल्यामुळे माणूस गप्प होतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमचे काका तर बोलण्यासाठीच जन्माला आलेले. चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर ओटा हा त्यांचा वर्ग झाला आणि पोळीतले येणारे-जाणारे त्यांचे विद्यार्थी. त्या माणसाची वाचा बसावी असे टीव्हीने काय केले? मी दुसऱ्याच दिवशी नंदुरबारहून निघाले.

वाटेत नवापूरचे स्टेशन लागते. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिथे गाडीची सूचना चार भाषांत होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आपण सीमेवरची माणसे. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी. त्याचे आपल्याला कौतुकही असते. पण त्या प्रवासात मला ठाऊक नव्हते की काकांचे दुखणे नेमके त्यातूनच निघाले आहे.

बडोदे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मांडवी सांगावी लागत नाही. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या शहराच्या मधोमध, चार दरवाजांकडून येणारे रस्ते जिथे मिळतात तिथे ही चौकोनी इमारत उभी आहे. प्रत्येक बाजूला तीन-तीन कमानी, वर मजले. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची, गुजरातच्या सुलतानांच्या काळातली ती मानली जाते. पुढे गायकवाडांचे राज्य आले आणि मांडवी मराठी माणसांचीही झाली. जवळच विठ्ठलमंदिर आहे. कार्तिकी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे आपल्या भाषेत मिरवणूक, निघते तेव्हा आमच्या घरातली सगळी मंडळी रस्त्याच्या कडेला उभी असत. बडोद्याची सेव-उसळ जशी थोडी मराठी आणि थोडी गुजराती, तसाच हा सगळा परिसर.

त्या उन्हाळ्यात मांडवीच्या एका खांबाला तडे गेले. लोखंडी टेकू द्यावे लागले. साहजिकच कॅमेरे आले. आणि कॅमेरेवाल्यांना कोणीतरी सांगितले, "इतिहास पाहिजे ना? पोळीत सर राहतात, त्यांना विचारा."

काका धोतर बदलून, टोपी घालून गेले. मांडवीच्या समोर उभे राहून बारा मिनिटे बोलले. सुलतानांपासून सुरुवात केली, दमाजीराव, सयाजीराव घेतले, चुन्याचे बांधकाम कसे असते ते सांगितले, वाहनांच्या हादऱ्यांबद्दल सांगितले. बातमीदार मुलगा मान डोलवत होता. शेवटी त्याने विचारले, "काका, तंत्र बेदरकार आहे असं तुम्हाला वाटतं का?" काकांना राग आला होताच. ते गुजरातीत उपरोधाने म्हणाले, "पडे तो पडवा दो, एम ज ने?"

म्हणजे, पडली तर पडू द्या, असंच ना?

रात्रीच्या बातम्यांत बारा मिनिटांतले काही सेकंदच दिसले. पांढरी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ मांडवीकडे हात करून म्हणत होते, "पडे तो पडवा दो." बस. पुढचे "एम ज ने" गेले होते. कात्रीने फक्त शेपूट छाटले होते, पण प्राणी बदलून गेला होता.

दुसऱ्या दिवशी काका नेहमीप्रमाणे विठ्ठलाच्या दर्शनाला निघाले. मांडवीजवळ बांगड्या विकणारी एक बाई अनेक वर्षांपासून बसते. काका तिला 'बेन' म्हणतात, ती त्यांना 'काका'. रोज 'जय श्रीकृष्ण' व्हायचे. त्या दिवशी ती म्हणाली नाही. काकांनीच विचारले, तेव्हा खाली बघत एवढेच बोलली, "काका, अमे तो नीचे बेसीए छीए."

आम्ही तर खालीच बसतो.

काका दर्शन न घेताच घरी परतले. त्या दिवसापासून ओटा बंद.

मी पोहोचले तेव्हा माझा सगळा राग त्या बातमीदारावर होता. मी तावातावाने म्हणाले, "काका, त्या वाहिनीवर तक्रार करू. हे सरळ सरळ तुमचं बोलणं मोडून दाखवलंय." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यानं पदरचा एक शब्दही घातला नाही गं. वाक्य माझंच होतं. मी त्याला कात्री लागेल असं वाक्य दिलं."

वाचकहो, हे ऐकून मी गप्प झाले, त्याला कारण आहे. गेली कित्येक वर्षे मी हे सदर लिहिते आहे. मीही लोकांच्या मुलाखती घेतल्या आहेत आणि माझ्याही हातात कात्री असते. एकदा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या सरपंचबाई माझ्याशी तासभर पाण्याबद्दल बोलल्या होत्या. हंडे, विहीर, टँकर, कोरडा पडलेला हातपंप. मध्येच हसत हसत त्या नवऱ्याबद्दल एक वाक्य बोलून गेल्या. मी त्या वाक्याचा मथळा केला. वाचकांना तो लेख आवडला. त्या बाईंना गावात काय ऐकावे लागले ते मला पुढे कळले. त्यांनी मला पुन्हा कधी घरी बोलावले नाही. मीही पदरचा शब्द घातला नव्हता.

तेव्हा मुलाखत घेणाऱ्याचा दोष नसतो असे मी म्हणणार नाही. वाक्य अर्धे दाखवणे ही लबाडीच, मग ती घाईने झालेली असो की मुद्दाम केलेली. पण कात्री आपल्या हातात नसते. आपल्या हातात फक्त वाक्य असते. म्हणून या वेळी वाक्याविषयीच लिहिते आहे.

हे फक्त आमच्या काकांच्या बाबतीत घडलेले नाही. आपल्या आर. आर. आबांची गोष्ट आठवा. तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावातून आलेला, साध्या राहणीचा, मराठीत सभा जिंकणारा माणूस. ग्रामस्वच्छता अभियानामुळे घराघरांत पोहोचलेला. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा ते उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री होते. पत्रकारांसमोर ते हिंदीत बोलले. हल्लेखोरांचा बेत याहून मोठ्या संहाराचा होता, असे ते सांगत होते. पण त्या ओघात, मोठ्या शहरात अशी एखादी घटना घडते, अशा अर्थाचे एक वाक्य निघून गेले. १६६ माणसे मेली होती. लोक संतापले आणि त्यांचा संताप रास्त होता. १ डिसेंबरला आबांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी ते पुन्हा गृहमंत्री झाले, २०१५ मध्ये वारले. पण आजही त्यांचे नाव काढले की अनेकांना ते एक वाक्य आठवते. त्याच्या आगेमागे ते काय बोलले होते, हे किती जणांना सांगता येईल?

मला नेहमी वाटते, तेच बोलणे त्यांनी मराठीत केले असते तर तसे वाक्य तोंडातून निघाले नसते. मराठीत शब्द कुठे जड पडतो आणि कुठे हलका, हे त्यांना नेमके ठाऊक होते. परभाषेत आपण अर्थ पोहोचवतो, पण शब्दाचे वजन हातात येत नाही. काकांचेही तेच झाले. पंचाहत्तर वर्षे गुजरातेत राहून ते उत्तम गुजराती बोलतात. पण उपरोध हा आवाजाच्या चढ-उतारावर उभा असतो. चढ कापला की उपरोध मरतो आणि उरते ते सरळ वाक्य. भलत्याच अर्थाचे.

त्या दुपारी काकू म्हणाली, "यांना घरात कोंडून ठेवू नकोस, बाहेर ने." मी काकांना मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत घेऊन गेले. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून १९१० च्या सुमारास उभे केलेले हे ग्रंथालय. लहानपणी काकाच मला तिथे न्यायचे. तिथे बसल्यावर त्यांना जरा बरे वाटले असावे, कारण ते आपणहून बोलू लागले.

"एकदा महाराजांचंही असंच झालं होतं," ते म्हणाले.

ती गोष्ट बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १२ डिसेंबर १९११. दिल्ली दरबार. राजा पंचम जॉर्ज सिंहासनावर. संस्थानिकांनी एकेक करून पुढे जायचे, मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरकत यायचे, असा शिरस्ता. आधी हैदराबादचा निजाम गेला, मग बडोद्याचे सयाजीराव. महाराजांचा पोशाख साधा होता. हातात काठी होती. त्यांनी एकदा मान लवविली आणि वळून चालू लागले. राजाकडे पाठ झाली.

सगळा प्रकार काही क्षणांचा. पण तिथे चलचित्राचा कॅमेरा होता. ते चित्र लंडनच्या चित्रपटगृहांत दाखवले गेले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी गदारोळ केला. बडोद्याचा राजा राजद्रोही, इथपर्यंत मजल गेली. महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना खुलाशाचे पत्र लिहिले. आपला गोंधळ उडाला, निजामाने काय केले ते नीट दिसले नाही, अपमान करण्याचा हेतू नव्हता, असा त्याचा आशय. पत्र वर्तमानपत्रांत छापून आले. झाले काय? इंग्रजांना ते खरे वाटले नाही आणि ज्या देशभक्तांना महाराजांच्या पाठ फिरवण्याचा अभिमान वाटला होता, ते माफीने नाराज झाले. महाराजांनी ते मुद्दाम केले की चुकून, यावर इतिहासकारांत अजून मतभेद आहेत.

"बघ," काका म्हणाले, "पाठ फिरवायला काही क्षण लागले, खुलाशाला आख्खं पत्र लागलं. पण पत्र कॅमेऱ्याला गाठू शकलं नाही. एवढा शहाणा राजा, त्यालाही जमलं नाही. मी तर साधा मास्तर."

इथे मला या साऱ्या प्रकरणाचे सार सापडले. आपण घरात बोलतो तेव्हा आपल्या वाक्याच्या सोबत पुष्कळ जण असतात. आधीचे वाक्य असते, नंतरचे असते, आपला चेहरा, समोरच्याची आपल्याशी असलेली ओळख. मुलाखतीतले वाक्य मात्र एकटेच घराबाहेर पडते. त्याला ओळखणारे कोणी नसते. म्हणून बाहेर पाठवायचे ते वाक्य असे हवे, ज्याला एकट्याने प्रवास करता येईल.

माणूस आपल्याशी बोलायला आलेल्या बातमीदाराला उत्तर देतो, ही पहिली चूक. बातमीदार हा टपालवाला. पत्र ज्याला जायचे आहे तो दुसराच असतो. काकांचे पत्र त्या बांगडीवाल्या बेनला जायचे होते. मांडवीखाली बसणाऱ्या माणसाला काकांनी काय सांगितले असते? "जपून बसा, आणि ही दुरुस्ती तातडीने व्हावी म्हणून मी तुमच्याबरोबर आहे." बारा मिनिटांत हे एकदाही आले नव्हते.

त्या रात्री जेवणानंतर आम्ही गंमत म्हणून सुरुवात केली. काकू बातमीदार झाली. हातात लाटणे धरून विचारू लागली. आणि आमच्या असे लक्षात आले की थोड्याशा तयारीने फार फरक पडतो. ते सगळे इथे क्रमाने देते. बचत गटाच्या अध्यक्षा असोत, शाळेचे मुख्याध्यापक असोत, गणेश मंडळाचे कार्यकर्ते असोत की नुसते रस्त्याने जाणारे आपण, आज ना उद्या कोणीतरी माईक पुढे करणारच आहे.

बोलण्याआधी आपण विचारायचे. तुम्ही कुठून आलात, बातमी कशावर आहे, माझ्याकडून नेमके काय हवे आहे, हे थेट प्रक्षेपण आहे की चित्रीकरण. यात उद्धटपणा नाही. चांगला बातमीदार आनंदाने सांगतो. आणि "पाच मिनिटं द्या, मी विचार करतो" असे म्हणण्याचाही आपल्याला हक्क आहे. त्या पाच मिनिटांत एकच गोष्ट ठरवायची. उद्या माझे एकच वाक्य दिसणार असेल तर ते कोणते?

ते वाक्य सगळ्यात आधी बोलायचे. आम्हा मराठी माणसांना, त्यातून मास्तरांना, पाया घातल्याशिवाय कळस चढवता येत नाही. काका सुलतानांपासून निघाले ते यामुळेच. पण वर्तमानपत्राची बातमी कशी लिहितात ते आठवा. महत्त्वाचे पहिल्या परिच्छेदात, बाकीचे खाली. कारण जागा कमी पडली की संपादकीय टेबलावर खालून कापतात. बोलतानाही कळस आधी, पाया नंतर. टीव्हीची बातमी मिनिट-दीड मिनिटाची. त्यात आपला 'बाईट' काही सेकंदांचा. एका दमात म्हणता येईल एवढे वाक्य हवे.

प्रश्नातला वाईट शब्द आपल्या तोंडी घ्यायचा नाही. काकूने विचारले, "तुमच्या मंडळाने पैसे खाल्ले का?" काका म्हणाले, "आमच्या मंडळाने पैसे खाल्ले नाहीत." मी म्हटले, "काका, उद्या प्रश्न दिसणार नाही. फक्त तुम्ही आणि 'पैसे खाल्ले' एवढंच दिसेल." मग त्यांनी सुधारले, "आमचा हिशेब लिहिलेला आहे, कोणीही येऊन पाहावा." आता त्या वाक्याला कुठूनही कापा, ते उलटत नाही.

उपरोध, कोटी, म्हण, हे सगळे ओट्यासाठी राखून ठेवायचे. जे वाक्य सुरावर चालते ते कागदावर आणि कात्रीखाली टिकत नाही. परक्या भाषेत बोलायचे असेल तर वाक्ये आणखी आखूड करायची. जी भाषा अंगवळणी आहे तिच्यात बोलू द्या असे सांगितले तर बहुतेक बातमीदार मान्य करतात. खाली पट्टीवर अर्थ देता येतो.

"मला माहीत नाही" हे उत्तम उत्तर आहे, त्याला एक शेजारी जोडून दिला की झाले. "हे मला माहीत नाही, पुरातत्त्व खात्याचे जाणकार सांगू शकतील." ज्या आकड्याची खात्री नाही तो सांगायचा नाही. काकांनी चुन्याचे प्रमाण सांगितले होते. ते दाखवले नाही हे एका परीने बरेच झाले, कारण घरी आल्यावर त्यांनाच शंका आली.

उत्तर संपले की थांबायचे. हे सगळ्यात कठीण. बातमीदार मुद्दाम गप्प राहतो, मान डोलवतो आणि आपल्याला ती शांतता खुपते. आपल्याकडे पाहुणा गप्प बसला की घरच्याने बोलायचे, असा संस्कार आहे. त्या भरावाच्या बोलण्यातच नको ते वाक्य निघते. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ एप्रिल २०१० मध्ये बीपी कंपनीच्या तेलविहिरीवर स्फोट झाला, अकरा कामगार मेले, समुद्रभर तेल पसरले. कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड यांनी कॅमेऱ्यासमोर लोकांची माफी मागितली होती. तिथेच थांबले असते तर ठीक होते. पुढे ते बोलून गेले की मलाही माझे आयुष्य परत हवे आहे. माफी कोणाच्याच लक्षात राहिली नाही. त्याच वर्षी त्यांना पद सोडावे लागले.

माईक बंद झाला असे समजायचे नाही. निरोप घेईपर्यंतचे सगळे बोलणे हे मुलाखतच असते. 'हे छापू नका' असे बोलल्यावर सांगून उपयोग नाही. ते आधी ठरवून घ्यायचे असते. आणि खरे सांगायचे तर, जे छापून यायला नको ते अनोळखी माणसाला सांगायचेच कशाला?

शेवटचे आणि सगळ्यात महत्त्वाचे. नाही म्हणता येते. १८ जानेवारी २०२४ ला याच बडोद्यात हरणी तलावात नाव उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. अशा वेळी घरांच्या दारात कॅमेरे येतात. ज्यांचे मूल गेले त्यांनी बोललेच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. घरातल्या किंवा शेजारच्या एका शांत माणसाने पुढे व्हावे आणि सांगावे, "कुटुंब आज बोलणार नाही, जे सांगायचे ते मी सांगतो." दुःखातल्या माणसाच्या आणि माईकच्या मध्ये उभे राहणे, हे शेजारधर्माचेच काम आहे.

आणि एवढे करूनही चुकीचे दाखवले तर? त्याच दिवशी फोन करायचा. आरडाओरडा न करता नेमके सांगायचे, हे वाक्य अर्धे आहे, पूर्ण असे होते. वर्तमानपत्र असेल तर संपादकांना लिहायचे. त्यांनी दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिल आहे. वाहिनी असेल तर आधी वाहिनीकडे लेखी तक्रार, मग वाहिन्यांनीच नेमलेले तक्रार निवारण प्राधिकरण. सगळ्याच वाहिन्या त्याच्या सदस्य नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. आमच्या काकांनी तक्रार मात्र केली नाही. त्यांना दुसरेच काहीतरी करायचे होते.

ते समजावे म्हणून मांडवीचीच आणखी एक गोष्ट सांगते. मांडवीच्या जामा मशिदीत वाढलेला इरफान पठाण डिसेंबर २००३ मध्ये ॲडलेडला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मांडवीच्या गल्लीत तेव्हा किती कॅमेरे आले असतील, कल्पना करा. पुढच्या वर्षी भारतीय संघ पाकिस्तानात गेला. तेव्हा जावेद मियांदाद यांनी, इरफानसारखे गोलंदाज आमच्याकडे गल्लोगल्ली मिळतात, अशा अर्थाचे उद्गार काढले. वाक्य पाकिस्तानात निघाले आणि मांडवीतल्या एका बापाच्या काळजाला जाऊन लागले. इरफानने पुढे सांगितले आहे की त्याचे वडील पाकिस्तानात गेले आणि त्यांनी मियांदाद यांची भेट घ्यायचे ठरवले. मुलगा नको म्हणत होता. मियांदाद त्यांना पाहताच उठून उभे राहिले आणि तुमच्या मुलाबद्दल मी तसे काही बोललो नाही, असे म्हणू लागले. वडील हसून म्हणाले, मी तुम्हाला काही ऐकवायला आलो नाही, तुम्ही मोठे खेळाडू, म्हणून भेटायला आलो.

कॅमेऱ्यातून आलेली जखम त्यांनी कॅमेऱ्यातून परत केली नाही. समोरासमोर गेले.

काकांनीही तेच केले. तिसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून निघाले. मी बरोबर होते. बांगडीवाल्या बेनसमोर जाऊन त्यांनी इतिहास सांगितला नाही, खुलासाही केला नाही. म्हणाले, "बेन, मारी भूल थई. दुरुस्ती थवी ज जोईए." माझी चूक झाली, दुरुस्ती झालीच पाहिजे. तिने एक क्षण त्यांच्याकडे बघितले आणि बसायला स्टूल पुढे केले. "काका, टीव्हीमां तमे बहु जाडा देखाता हता," ती म्हणाली. टीव्हीत तुम्ही फार जाड दिसत होता! आठवड्याभरात पहिल्यांदा काका हसले.

मी परत आल्यावर आठ-दहा दिवसांनी काकूचा फोन आला. संध्याकाळी आला, म्हणून छातीत धस्स झाले नाही. दुसरी एक बातमीदार मुलगी आली होती. काका आधी नाही म्हणाले. मग पाच मिनिटे मागून घेतली. ओट्यावरच बसून बोलले. "या मांडवीखाली रोज माणसं बसतात. त्यांच्यासाठी ही दुरुस्ती लवकर आणि जाणकारांच्या हातून व्हावी." एवढे बोलून थांबले. मुलगी गप्प राहिली. काकाही गप्प राहिले.

"किती वेळ गं?" मी विचारले.

"बराच वेळ," काकू म्हणाली. "मला वाटलं आता हे सुलतानांवर जातात की काय. पण नाही गेले. मुलगीच शेवटी थँक यू म्हणाली."

"आणि दाखवलं का?"

"दाखवलं की. सगळं नाही, पहिलं वाक्य कापलं. पण राहिलं ते चांगलं राहिलं."

फोन ठेवण्याआधी मागून काकांचा आवाज ऐकू आला. पोळीतल्या कुणाला तरी ते दमाजीरावांची गोष्ट सांगत होते. अगदी पहिल्यापासून, पाया घालून, सावकाश. ओट्यावर कात्री नव्हती आणि ऐकणाऱ्यालाही घाई नव्हती.